लहान चकती

यादीत अनयचं नाव नव्हतं, आणि सुबोधला कारण ठाऊक होतं. विशाल गुणाजीच्या गावचा. बस्स, आणखी काय लागतं?

बोरिवलीच्या त्या सायकल दुकानात दरवर्षी हेच चालायचं. डहाणू ते वेंगुर्ला सहा टप्प्यांची शर्यत. त्याआधी आसपासच्या सगळ्या क्लबांच्या सायकली गुणाजी मिस्त्रीकडे उघडून साफ करायला यायच्या, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो पुठ्ठ्यावर चार नावं लिहून दारातल्या खिळ्याला लावायचा. सपाट टप्प्यावर शेवटच्या दोनशे मीटरला पुढे कोण दिसेल, त्यांची. तीन वर्षं त्याचं एकही नाव चुकलं नव्हतं. पोरं आपल्या सरावाच्या वेळा स्वतःच वहीत लिहितात आणि वहीत सगळेच वाघ असतात, म्हणून क्लबवाले वही बाजूला ठेवून पुठ्ठा बघायचे. सुबोधच्या क्लबातून स्प्रिंटसाठी एकच जण जाणार होता. विशाल नाहीतर सुबोधचा मुलगा अनय.

सुबोध चारलाच येऊन थडकला. पुठ्ठा बाकावर पडला होता. तिसरं नाव विशाल.

"गुणाजी, हे बरं नाही," तो म्हणाला. "माझा मुलगा आठ महिने पहाटे पाचला घराबाहेर पडतो. रोज बारा स्प्रिंट. मी स्वतः रात्री बदाम भिजत घालतो त्याच्यासाठी. आणि तुम्ही गाववाल्याचं नाव लिहिता?"

गुणाजीने मान वर केली नाही. सुबोध तरणा असताना त्याचीही सायकल याच हातांनी लावलेली होती, त्यामुळे त्याचं बोलणं गुणाजी फारसं मनावर घ्यायचा नाही.

"झाला बोलून? मग हय ये."

त्याने स्टँडवरून एक मागचं चाक काढलं. विशालचं. मधोमध लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड होती. गुणाजीने सगळ्यात लहान चकतीवर बोट ठेवलं. तिचे दात झिजून मांजराच्या दातांसारखे टोकदार झाले होते.

"जीव खाऊन पळवताना चेन ह्या चकतीवर येते. तुका सांगूक नको. ही यंदाची दुसरी."

मग त्याने दुसरं चाक पुढ्यात ठेवलं. सुबोधने अनयचं चाक लगेच ओळखलं, स्पोकला गेल्या वर्षीचा हिरवा धागा अजून होता. मधल्या चकत्या काळ्या पडल्या होत्या. लहान चकती कोरी. कंपनीचा आकडासुद्धा वाचता येत होता.

"तुम्ही पुसली असेल," सुबोध म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घेतला नाही.

गुणाजी हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याने वर्तमानपत्राची पुडी उलगडली. "पेडलाच्या बेअरिंगमधून निघाली ही."

वाळू होती. बारीक, आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा.

"आमच्या कॉलनीत बांधकाम चालू आहे."

"असेल. पण छर्‍यांना खारा गंज लागलाय. खाडीपलीकडे गोराईच्या समुद्राक बोटीतून सायकली नेतात ना, त्यांका लागतो तसो." गुणाजीने पुडी पुन्हा मिटली. "वही खोटा बोलात, सायकल खोटा बोलणा नाय. मी काय ज्योतिषी नाय रे. उघडतंय आणि बघतंय."

सुबोध चकतीवरून अंगठा फिरवत राहिला. गोराईत आपलं कोण आहे? कोणीच नाही. पोरगी असेल. नाहीतर वाईट संगत. आठ महिने रोज सकाळी घामाघूम होऊन दारात उभा राहणारा मुलगा नक्की कुठे बसून येत होता? आणि बारा स्प्रिंटचे आकडे वहीत इतक्या सुरेख अक्षरात! संताप आला त्याला, पण कोणावर काढावा तेच कळेना.

गुणाजीने पुठ्ठा आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "पाचला तुझी मंडळी येतील. विशालचं नाव खोड हवं तर, अनयचं लिही. मी काय बोलणार नाय. फक्त लिवायचं तू, माझ्या हाताने नको."

सुबोधने पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. अनयच होता.

"बाबा, लागली का यादी?"

सुबोधने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पेन हातातच होतं. खरं काय ते या पोराच्या तोंडून काढायचंच, असं त्याने ठरवलं, आणि मुद्दाम म्हणाला, "लागली."

"आणि मी?"

"नाहीस."

आता आरडाओरडा करेल, गुणाजीला शिव्या घालेल, म्हणून सुबोध कानाला फोन घट्ट लावून थांबला. पलीकडून एक श्वास सुटल्याचा आवाज आला, लांब, सावकाश. असा श्वास सुबोधने शर्यत संपल्यावर रेषेपलीकडेच ऐकला होता.

"बरं," अनय म्हणाला. आणि मग एकदम मोकळ्या आवाजात, "मग आज बदाम भिजत घालू नकोस हं, बाबा."

सुबोधने पेनला टोपण लावलं. पुठ्ठा उचलला आणि दारातल्या खिळ्याला स्वतःच अडकवला.