अकरा वाजताची पिन

“पण हे मधलं मशीन रोज अकराला बंद का पडतं?” अनघाने दुसऱ्यांदा विचारलं. सोनूने पाठवलेल्या नोंदी समोर ठेवून ती पुण्याहून व्हिडिओवर तिची नोकरीसाठी मुलाखत घेत होती.

दिग्रसजवळच्या तांड्यातल्या सोनूच्या घरी फळीवर तीन जुने लॅपटॉप मांडलेले होते. एका बंद पडलेल्या संगणक क्लासमधून तिने ते आणले होते आणि एकमेकांना जोडून त्यांचा क्लस्टर केला होता, म्हणजे तिन्ही मिळून एकाच मशीनसारखे चालत. त्यावर कापसाचे भाव आणि पावसाचा अंदाज दाखवणारं एक पान चालायचं. आसपासच्या गावांतले लोक ते मोबाइलवर बघत. पानाचा एकेक भाग एकेका कंटेनरमध्ये, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर हलवता येणाऱ्या पेटीत, होता. एक लॅपटॉप बंद पडला, तर त्याचे कंटेनर उरलेल्या दोघांनी लगेच उचलावेत, अशी तिची मांडणी होती.

मधला मात्र महिनाभर रोज अकराला पडत होता आणि दीडला उठत होता. तिने डिस्क बदलली, पंखा बदलला, सगळी सिस्टिम नव्याने टाकली. त्या वेळेला ती दिग्रसला सेतू केंद्रात कामावर असायची. तो पडताना तिने कधी पाहिलाच नव्हता.

माहीत नाही, असं तिने सरळ सांगितलं. अनघाने काहीतरी लिहून घेतलं. सोनूने खाली पाहिलं. ही चौथी मुलाखत होती. आधीच्या तिन्ही, शहरात येऊन राहाल का, या प्रश्नावर अडल्या होत्या. ही एकच नोकरी घरून करता येणार होती, म्हणून आज ती कामावर सुट्टी टाकून घरी थांबली होती.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, सुखीबाई, फवारणीचा पंप घेऊन आत आल्या. लोडशेडिंगमुळे रोजच्यासारखी लाइट गेलेली होती. करंट होता तो फक्त इन्व्हर्टरच्या बोर्डावर. तिथे चार पिना होत्या, तीन लॅपटॉपच्या आणि एक वायफायची. त्यांनी खाली वाकून मधल्या लॅपटॉपची पिन काढली आणि तिथे पंपाचा चार्जर खोचला. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली. तो जागीच बंद पडला.

सोनूने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

अनघाने स्वतःच्या मोबाइलवर ते पान उघडलं. क्षणभर ते फिरलं आणि आजचे भाव आले. तिने पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा आले. मग तिने सुखीबाईंना सोनूच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बोलावलं आणि रोज असंच करता का, म्हणून विचारलं. सुखीबाईंनी सांगून टाकलं, की फवारणी सुरू झाल्यापासून रोजच. पंपाची बॅटरी भरली की त्या लॅपटॉपची पिन परत लावायच्या आणि त्याचं बटण दाबायच्या. सुनेला कशाला सांगायचं, तिच्या कामात काही बिघडत तर नव्हतं.

नोकरी सोनूला मिळाली. वहीत आपण नकार लिहून ठेवला होता, असं अनघाने तिला पुढे कधीतरी सांगितलं. तो खोडला गेला तिच्या शेवटच्या प्रश्नानंतर, आणि तो प्रश्न सोनूला नव्हताच. चार पिनांमधली हीच का काढता, असं तिने सुखीबाईंना विचारलं होतं.

“सगळ्या काढून पाह्यल्या, बाई,” सुखीबाई म्हणाल्या होत्या. “वायफायची काढली तं अख्खा तांडा दारात येऊन उभा राह्यते. या तीन डब्ब्यांत मधली हाताशी येते, अन् कोणतीही काढली तं कोणाचं काहीच अडत नाही.”