पोकळ पायडल

“धीरे धीरे सोड,” आबा म्हणाले आणि गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले.

दीपमालानं काचेतून सासऱ्यांकडे पाहिलं. डेपोत एसटी पुढं घेताना करायचे तसे त्यांनी दोन्ही हात वर धरले होते. ये, ये. हात ऑइलनं काळे झालेले, चेहरा मात्र खुललेला. निवृत्तीनंतर सात वर्षांनी आबांच्या, म्हणजे जीवराम मिस्त्रींच्या, हाती कुणाची तरी गाडी आली होती. खरं तर कुणी दिली नव्हती, त्यांनीच घेतली होती.

तीन दिवस ब्रेक दाबला की पुढची चाकं कुईं कुईं करत होती. परवा धुळ्याहून शिरपूरला येताना तो आवाज थांबला आणि खरखर सुरू झाली, पायाला जाणवेल इतकी. आबांनी ती गल्लीच्या तोंडाशीच ऐकली. “ब्रेकना पॅड खपनात,” ते म्हणाले. “आते लोखंड लोखंडले खाई ऱ्हायनं.”

नवलनं सुरतहून फोनवर बायकोला बजावलं होतं, “गाडी गॅरेजला दे. आबांना हात लावू देऊ नको. रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं होतं त्यांनी, तूच सांगितलंस ना?” पण आज रविवारी ती उठली तेव्हा गाडी जॅकवर चढलेली होती. एक चाक अंगणात आडवं पडलं होतं, नवलच्या चुलत्याच्या दुकानातून आणलेले नवे पॅड कोऱ्या फडक्यावर मांडलेले होते आणि आबा गुणगुणत होते. जुना पॅड त्यांनी तिच्या पुढं धरला. त्याच्यावर नखाएवढाही थर उरला नव्हता. तिला त्यांना थांबवणं जमलं नाही.

आता दुपारचे बारा वाजत आले होते. अंगणाला गल्लीकडे उतार होता. तिनं गाडी सुरू करून गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी हलली. तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय थेट तळाला गेला.

खाली काही नव्हतंच. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा पोकळ. समोर आबा हात हलवत होते, ये, ये, आणि त्यांच्या मागं गल्लीपलीकडची भिंत होती. हात कुठं जातायत हे न कळताच तिनं हँडब्रेक दोन्ही हातांनी वर खेचला.

गाडी हिसका देऊन थांबली आणि इंजिन बंद पडलं. बंपर आबांच्या लेंग्याला टेकला होता.

आबा जागचे हलले नव्हते. हात अजून वरच होते. मग हळूहळू खाली आले.

“काय व्हयनं वं?” समोरच्या ओट्यावरून कुंदाबाईंनी हाक दिली. शेंगा निवडता निवडता त्या उभ्या राहिल्या होत्या.

“काही नाही काकू,” दीपमाला खिडकीतून म्हणाली. “पाय सटकला माझा.”

कुंदाबाई बसल्या. आबा खिडकीपाशी आले. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, तिच्या पायाकडे.

“दाब,” ते म्हणाले. “दाबत ऱ्हाय.”

तिनं दाबलं. चौथ्या-पाचव्यांदा पायडल जड लागलं. आठव्यांदा दगडासारखं घट्ट झालं.

“नवा पॅड जाड ऱ्हास,” आबा म्हणाले. तिच्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. “पिस्टन मांगे दाबना पडस. मंग गाडी हालाडाना पहिले दहा डाव पायडल मारनं पडस.” तीस वर्षं डेपोतल्या प्रत्येक नव्या मिस्त्रीला त्यांनी हेच घोकायला लावलं होतं: गाडी हलवण्याआधी दहा वेळा पायडल. ते थांबले. “मी इसरी गऊ.”

“होतं आबा असं कधी कधी.”

ते चाकाकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि आजवर जे तिनं त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं ते आता तिथं होतं. ते घाबरले होते. गाडीला नव्हे.

“दीपा,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “नट टाईट करात का मी?”

ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. उद्या सकाळी धुळ्याला कामावर जाताना याच चाकांवर ती हायवेला लागणार होती, ट्रकांच्या रांगेतून, पन्नास किलोमीटर.

आबांनी पायरीवरचा पान्हा उचलला. क्षणभर तो तसाच धरून राहिले. मग तिच्यापुढं केला.

“तू देख.”

ती उतरली. चाकापाशी सरळ मातीत बसली. पहिला नट घट्ट होता. दुसराही. तिसऱ्याला तिनं सगळा जोर लावला, हलला नाही. चौथ्यावर पान्हा ठेवला, नुसतं वजन टाकलं आणि तो सहज फिरला.

मागून आबांनी विचारलं, “फिरना का?”

नाही म्हणता आलं असतं. गुपचूप आवळता आला असता.

“फिरला, आबा.”

आबा लेंगा सावरत तिच्या शेजारी मातीत बसले.

“टाईट कर,” ते म्हणाले. “अजून जोर लाव. हां. आते दुसरं चाक देखी ले.” ती उठू लागली तसा त्यांनी तिचा हात धरून थांबवला. “आनि सांजले नवलना फोन उना ते माले दे. मीच सांगसू त्याले.”