खेचरांचा दहावा बाउल

किक मारणारा पोरगा जागेवर उभा राहिला आणि नेमका तेव्हाच समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने खेळ थांबवून घेतला. पोराला जरा घाम फुटावा, एवढाच त्यामागचा डाव. घाम फुटला तो ओपल क्रॅडकला.

ती स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून उभी होती. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा वेंडेल पडून होता, नाकात ऑक्सिजनची नळी आणि समोर टीव्ही. टीव्हीवरचं चित्र रेडिओच्या जरा मागून येतं, म्हणून त्याने रेडिओला खोलीत बंदी घातली होती. आधीच कळलं तर बघायचं काय, असं त्याचं म्हणणं.

"ओपल! काही ऐकलंस तर तोंड उघडू नकोस हं!"

"लग्न झाल्यापासून कधी उघडू दिलंयस?" ती आतूनच म्हणाली.

खेचरं दोन गुणांनी मागे होती आणि घड्याळात शेवटचे काही सेकंद उरले होते. किक दोन खांबांच्या मधून बसली तर तीन गुण आणि सामना खिशात. चुकली तर नेहमीचंच.

नेहमीचंच म्हणजे हार. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नावच खेचरं, आणि बाउलच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याच्या, बाबतीत ती नावाला जागत आली होती. हंगाम बरा गेला की वर्षाच्या शेवटी बाउलचं बोलावणं यायचं, अख्खं गाव गाड्या काढून जायचं आणि तोंड पाडून परत यायचं. असं नऊ वेळा झालं. पहिल्या बाउलला तर ही दोघं मधुचंद्र म्हणूनच गेली होती. चिखलात चेंडू हातातून निसटला आणि नवरदेव हॉटेलच्या खोलीत हुंदके देऊन रडला. एकदा सामना तोंडावर आला असताना प्रशिक्षकच दुसऱ्या कॉलेजात पळाला. एकदा किक खांबाला लागून परत आली. प्रत्येक वेळी वेंडेल एकच म्हणायचा, "एक बाउल जिंकलेला बघितल्याशिवाय मी काही मरत नाही."

वेंडेल कॉलेजात वायरमन होता आणि मैदानामागची मोठी घंटा त्याच्या ताब्यात होती. खेचरं जिंकली की ती वाजवायची, बाकी कशासाठी नाही. एकदा कॉलेजच्या अध्यक्षांनी मुलीच्या लग्नात वाजवायला सांगितली, तर हा पठ्ठ्या घंटेचा दोर सोडून घरी घेऊन आला.

डॉक्टरांनी हात टेकले ते नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच. तरी नवं वर्ष उजाडलं आणि वेंडेल अजून होता.

"काही माणसं कशासाठी तरी थांबतात," परवा नर्स दारात ओपलला म्हणाली होती. "ते एकदा झालं की निवांत सोडून देतात. बरं असतं ते."

बरं? ओपलला त्या बाईला दारातूनच हाकलून द्यावंसं वाटलं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी वेंडेलसाठी खेचरांचा विजय मागितला. त्याच्या बायकोने त्याच बाकावर डोळे मिटून हार मागितली. एक जानेवारीला चवळी खाल्ली की वर्षभर नशीब साथ देतं, म्हणून या घरात ती कधी चुकली नव्हती. यंदा ओपलने भिजतच घातली नाही. दुकानातली संपली म्हणाली. वेंडेलने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुढ्यातलं सूप संपवलं.

शिट्टी वाजली. रेडिओवरचा म्हातारा समालोचक ओरडला, आणि मग ओरडायचं सोडून चक्क रडायला लागला. किक बसली होती. बरोबर दोन खांबांच्या मधून.

पलीकडे टीव्हीत पोरगा अजून पावलं मोजत मागे सरकत होता.

ओपलचे गुडघे जिने चढू देत नव्हते, पण ती धावली. टीव्हीची वायर दोन्ही हातांनी हिसकली आणि पडदा काळा झाला.

"अगं ए!"

"पायात आली मेली वायर."

"काय झालं? रेडिओवर काय झालं ते सांग!"

"हुकली," ओपल म्हणाली. "डावीकडून."

"डावीकडून?"

"थोडक्यात गेली रे."

वेंडेलने मान उशीवर टाकली. "शेवटी खेचरं ती खेचरंच," तो म्हणाला.

ओपल त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. खोटं बोलल्याची तिला जराही लाज वाटली नाही. हात उबदार होता, आणि तेवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात शेजारच्या ट्रकचा भोंगा वाजला. मग आणखी एका गाडीचा. आणि मग कॉलेजच्या बाजूने घंटा सुरू झाली.

वेंडेलला हवा लागावी म्हणून खिडकी उघडीच होती. एकेक ठोका सरळ खोलीत येत होता. ओपल एका हातात नवऱ्याचा हात आणि दुसऱ्या हातात टीव्हीची वायर धरून तशीच बसून राहिली. टीव्ही तिला बंद करता आला होता. या घंटेचं ती काय करणार होती? त्याच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होईना.

वेंडेल डोळे मिटून ऐकत होता. त्याचं बोट चादरीवर ठोक्यांबरोबर हलत होतं. एकदा त्याची छाती भरून वर आली आणि तशीच थांबली. ओपलला वाटलं, झालं, संपलं. मग त्याने सावकाश श्वास सोडला आणि तिचा हात दाबला.

"पुढच्या वर्षी चवळी मात्र कर," तो म्हणाला. "आणि ती खिडकी लाव. कुणाचं तरी लग्न दिसतंय."