घरामागची ओळ

दर रविवारी गंगापूर रोडकडून जाड टायरांच्या सायकलींचा जथा नदीकाठच्या खडीच्या रस्त्यानं डोंगराकडे जायचा. त्यातला एकजण मात्र साळूबाईंच्या द्राक्षबागेपाशी मागं रेंगाळायचा. तो त्यांना पहिल्यापासूनच खटकला. रस्त्यालगतचे टपोरे, चकचकीत घड सोडून हा गडी थेट घरामागच्या ओळीत शिरायचा आणि तिथलेच बारके, डागाळलेले मणी तोंडात टाकायचा. चोरायची तर चांगली द्राक्षं चोरावीत ना! हा नक्की कुठला तरी साहेब, गुपचूप तपासणीला आलेला.

या रविवारी त्यांनी त्याच्या सायकलचं हँडलच धरलं. "खरं सांग, कोण तू? एवढी बाग सोडून त्याच ओळीत तुझ्या बापानं काय पुरून ठेवलंय?"

त्यानं काळा चष्मा काढला. "बाप द्राक्षवालाच होता, मावशी. घरच्यांना खायला बिनफवारणीची ओळ आमच्याकडंही वेगळी असायची."

साळूबाईंनी हँडल सोडलं. रस्त्याकडेच्या त्यांच्या स्टॉलपुढं एक मोटार थांबली होती. आतली बाई मांडीवरच्या पोराला टपोरा मणी भरवत होती.

"हळू बोल बाबा," साळूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक उभं हाय."