बटणांचा डबा

आईच्या लघवीचा जंतुसंसर्ग कुठल्याच गोळीला दाद देईना. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “आजी, आता हे एकच औषध उरलंय. आधीच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या ना?”

“बरं वाटल्यावर कशाला घ्यायच्या?”

लेकीला शिवणयंत्राजवळचा बटणांचा डबा आठवला. लहानपणी कधीही ताप येवो, त्यातून दोन गोळ्या निघायच्याच. ‘आमच्या घरातच दवाखाना आहे,’ अशी ती शाळेत ऐट मिरवायची. त्या गोळ्या कुठून यायच्या, ते तिला आज कळलं.

सात दिवस ती पाण्याचा पेला घेऊन आईसमोर बसली. शेवटच्या गोळीला आईनं हळूच तिच्या कपाळाला हात लावला.

“एवढी राहू दे गं. तुझं अंग गरम लागतंय.”