मधल्या वयाची पापलेटं

"ये दर्या का है?" पापलेटाचा कल्ला उचलत कौशल्याबाईंनी विचारलं.

"अम्मा, सौ परसेंट समंदर का," मासेवाला म्हणाला. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून तिथं सगळेच मासे शपथेवर समुद्राचे असतात.

आज गौरीपूजन होतं. त्यांच्या रेवदंड्याच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, तोही खाऱ्या पाण्यातल्या मासळीचा. यंदा गुडघे दुखतात म्हणून अमोलनं आईला मयूर विहारला आणलं आणि तिच्याबरोबर गौरही पहिल्यांदाच दिल्लीला आली. पण बाईंनी सकाळीच सुनेला बजावलं होतं, "दर्याचा मासा मिळाला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मी आणि माझी गौर, दोघी आपल्या गावी."

असले गुडघे घेऊन तिथं एकटीनं राहायचं म्हणजे काय, हे वल्लरीला कळत होतं. ती पुण्याची. तिच्या माहेरच्या गौरीला पुरणपोळी. तरी आज ऑफिसला सुट्टी टाकून, नाकाला ओढणी लावून ती मासळीबाजारात उभी होती. सासूनं जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. असंही असतं.

बर्फावर पापलेटांचे दोन ढीग होते. एकात तळहाताएवढी, दुसऱ्यात चांगली थोराड. पहिल्या ढिगाकडं बघून बाईंनी मान हलवली. "ही पोरं आहेत. यांनी अजून अंडीसुद्धा घातली नसतील." मग एक मोठं उचलून त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि अलगद परत ठेवलं. "ही पोटुशी."

"पण आई, गाभोळीचं तर लोक मुद्दाम मागून घेतात ना?"

"घेतात की. मीही खाते. पण गौर माहेरपणाला आलीय. तिच्या पानात पोटुशी कशी वाढू?"

पुढच्या गाळ्यावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. बाई आता गुडघे विसरून भराभर चालायला लागल्या होत्या. शेवटच्या गाळ्यापाशी कमरेवर हात ठेवून त्या थांबल्या.

"अगं, एक तर पोरं, नाहीतर पोटुशी. मधली कुठं गेली?"

हे वल्लरीलाही विचित्र वाटलं. तिनं मासेवाल्याला विचारलं, "भैया, बीच का साइज़ नहीं है?"

"मैडम, वो इधर रुकता ही नहीं. सीधा बाहर जाता है. दुबई, चीन." त्यानं दोन्ही हातांनी हवेत ताटली काढून दाखवली. "प्लेट साइज़ बोलते हैं. पूरी मछली, एक आदमी की प्लेट में बराबर."

वल्लरीनं मोबाइल काढला. जरा वेळ शोधलं. "आई, पण इथं लिहिलंय, समुद्रातली मासळी तशी टिकून आहे. काही वर्षं घटते, परत वाढते."

"वजन करून सांगतात का?"

"हो. टनात."

"मग बरोबर आहे. टनात पोरंही भरतात आणि पोटुशीही भरते." बाई हसल्या. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटत होतं. "आणि मी इतकी वर्षं समजत होते, आमची मधली सगळी दिल्लीला येतात. आमच्या बाजारातही हेच दोन ढीग असतात गं."

म्हणजे गावीही मिळत नाहीच, हे वल्लरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तापल्या लोखंडावर घाव घालावा म्हणतात. पण सासूच्या बाबतीत घाव न घालणंच बरं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

बाईंनी शेवटी रोहू घेतला. तळ्यातला. म्हणजे सकाळची अट मोडली होती, आणि रिक्षात वल्लरी पुढच्या वर्षाचाच विचार करत होती.

घरी कोकमाचं आगळ घालून कालवण झालं, दोन तुकडे तळले. स्टीलच्या डब्यांवर उभी केलेली गौर वल्लरीच्या चंदेरीत छान दिसत होती. बाई खुर्चीवर बसल्या, पानाभोवती पाणी फिरवलं आणि मुखवट्याकडं बघून बोलू लागल्या. वल्लरी निरांजन हातात धरून मागं उभी होती. आता काय ते कळणार होतं.

"गौराई, आज गोड्या पाण्याचं आहे, चालवून घे. दर्यातली पोरं उपवर झाली की सातासमुद्रापार नांदायला जातात. ती काही माहेरपणाला येत नाहीत. तू येतेस." बाईंनी हात जोडले. "पुढच्या वर्षी इथंच ये. गावी मला शोधत बसू नकोस."