पहिली सभा

इंद्रजित आजवर कुठल्याच सभेला गेला नव्हता. "चल की रं, मी हाय न्हवं संगं," म्हणत बिरदेवनं आपल्या या मित्राला आटपाडीच्या प्रचारसभेला ओढून नेलं.

भाषण रंगात आलं असतानाच विरोधी पार्टीची पोरं मंडपात घुसली. दगड आले, डोकी फुटली, पळापळीत दोघांची ताटातूट झाली. चवताळलेल्या बिरदेवनं लोखंडी खुर्ची उचलली आणि विरोधकांच्या घोळक्यात वाकलेल्या एकाच्या डोक्यात मागून घातली. तो बिचारा खाली पडलेल्या म्हाताऱ्याला उठवत होता. तो कोसळला, तेव्हा कुठं बिरदेवला त्याचा चेहरा दिसला.

रक्तानं डोळे भरलेल्या इंद्रजितनं चाचपडत त्याचा हात घट्ट धरला.

"बिरदेव, बरं झालं तू घावलास. पळ गड्या, हितं मागनं मारत्यात!"